भरती बघून तारीख
आज दिवसभर समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टला साइट व्हिजिट, ८० जणांची मीटिंग आहे आमची पुढच्या महिन्यात. हॉलचं पटकन उरकलं, नुसत्या खुर्च्या लावल्या तर सगळे आरामात मावतात, राउंड टेबलं लावली की तोच हॉल दाटीचा होतो, म्हणून टेबलं मांडूनच दाखवा म्हटलं. खरा वेळ गेला बीचवर. डिनर वाळूवर करायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात तिथल्या जुन्या स्टाफमधल्या एका काकांनी विचारलं तारीख कुठली, आणि बघितलं तर ती पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशीची! म्हणजे उधाणाची भरती, पाणी थेट स्टेजच्या जागेपर्यंत येणार. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आज सहा वाजता कोरडी दिसलेली वाळू तेव्हा कोरडी असेलच असं नाही. काका, मनापासून आभार तुमचे.
आता डिनर लॉनवर, स्टेज इमारतीच्या आडोशाला, कारण समुद्राचा वारा थेट माइकमध्ये घुसतो आणि बोलणाऱ्याचा शब्द कळत नाही. पाऊस आला तर हॉल आमच्यासाठी मोकळा, हे करारात लिहूनच घेतलं. आणि आमच्यातले दोघं व्हीलचेअरवर आहेत, वाळूत चाकं रुततात, लॉनवर ते सगळ्यांसोबत बसतील, ह्याचाच आज सगळ्यात जास्त आनंद झाला.