गारा वेचायला नेवाशाला

रविवार, मेअखेर. रात्रीचे साडेदहा.

पाठ धरलीय, मान करपलीय आणि बाथरूममधल्या बादलीत दीड-दोन किलो गारा, म्हणजे गारगोट्या, भिजत पडल्यात. बायकोने बादलीत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता दुसरी बादली घेतली.

पहाटे पुण्याहून निघून मामांकडे नेवाशाला गेलो होतो. त्यांचं रान प्रवरेच्या काठाला आहे. "आले का भाचेबुवा गारा येचायला? लोक इथं ज्ञानोबांच्या पैसाच्या खांबाला येतात, तुम्ही धोंड्यांला येता," हे मामांचं स्वागत ठरलेलं.

एके काळी मीही सगळ्यांसारखा वाघोलीच्या खाणींभोवती घिरट्या घालायचो. तिथलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभरच्या संग्रहांत आहे. पण तो शोकेसचा माल. झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिकही तसेच, देखणे पण मऊ. घासून पदकात बसवायचा दगड हवा असेल तर खाण सोडून नदी धरावी, हे मला उशिरा कळलं. आपल्याकडचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत आणि भेगांत पुढे सिलिका साचली, तिच्याच या गारा. काळा दगड कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. गारांचं मात्र काही बिघडत नाही. त्या सुटतात, वाहतात आणि नदीच्या वळणावर ढिगाने येऊन बसतात. अकीक, दुधी कॅल्सेडोनी, आणि त्यातच लोह मिसळून लाल झालेला जॅस्पर.

नेवासंच का? तर डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केलं, आणि प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं सापडली. जुनी, मोठी हातकुऱ्हाड काळ्या दगडाची; त्यानंतरचे छोटे तासण्या-टोचे चर्ट या गारेसारख्याच दगडाचे, कॅल्सेडोनीचे, जॅस्परचे. म्हणजे चांगला दगड कुठे मिळतो हे इथल्या माणसाला फार आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच उत्खननाच्या टेकडीवरून आणि नदीकाठच्या जुन्या दरडींतून मी काही उचलत नाही. मामांच्या बांधाखालची मोकळी गोट्यांची पट्टी, तेवढीच माझी. तीही दरवर्षी आक्रसतेय. वाळूवाले रात्रीतून येतात आणि वाळूबरोबर गोटेही भरून नेतात. खाली गोदावरीच्या संगमाकडे तर जायकवाडी धरणाचा फुगवटा, तिथे उन्हाळ्याशिवाय काठ दिसतच नाही.

सात ते नऊ, ही खरी वेळ. कोवळ्या उन्हाकडे तोंड करून चाललं की कॅल्सेडोनी आतून पेटल्यासारखी दिसते. जॅस्पर तसा पेटत नाही, त्याच्यातून उजेडच जात नाही. त्याच्यासाठी ऊन पाठीवर घ्यायचं आणि बाटलीतलं पाणी शिंपडत जायचं. कोरडा असताना विटेच्या तुकड्यासारखा मरगळलेला दगड ओला झाला की काळजाच्या रंगाचा होतो. फसगत मात्र फार. जुन्या वस्तीचं गाव, त्यामुळे निम्मे लाल तुकडे खापराचे निघतात. माझी पद्धत गावठी आहे: जिभेला लावायचा. चिकटला तर खापर. नाही चिकटला तर खिळा ओढायचा. जॅस्परवर ओरखडा उठत नाही, उलट खिळ्याचीच करडी रेघ राहते.

मामा सावलीत बसून बघत होते. म्हणाले, "आमचे आजे असल्याच गारेवर चकमक हाणायचे. कापसावर ठिणगी पडली की चिलीम." मग त्यांनीच दोन पांढऱ्या गारा उचलल्या, धोतराच्या सोग्याखाली अंधार करून एकमेकींवर घासल्या. आत क्षणभर पिवळसर उजेड, आणि नाकात तो जळका वास. लहानपणी गोधडीत हेच करायचो. पंचेचाळिशीतही मी तीनदा करून बघितलं.

साडेआठच्या सुमाराला तो सापडला. अंगठ्याएवढा, गर्द लाल, एका बाजूला पिवळी शीर. मोठा नाही, पण कुठे चीर नाही. खिशात टाकणार तेवढ्यात कडेवरून बोट फिरलं. एकीकडे शिंपल्यासारखा गुळगुळीत खळगा, आणि दुसऱ्या कडेने ओळीने बारीक बारीक टवके, सगळे एकाच बाजूने काढलेले. नदीत आपटून टवके उडतात ते वेडेवाकडे. हे कुणीतरी बसून काढले होते. अंगठा त्या खळग्यात बरोब्बर बसला.

खरं सांगायचं तर पाच मिनिटं मी तो मुठीत धरून होतो. पिवळी शीर फार सुंदर होती, कापल्यावर कशी दिसेल हेही डोळ्यांसमोर आलं. मग फोटो काढले, शेजारी मापाला दहाचं नाणं ठेवून, आणि होता तिथेच परत ठेवला. उद्या डेक्कन कॉलेजला फोटो पाठवीन. मामांना जागा दाखवून ठेवलीय. "म्हंजे तुमचा धोंडा बी आता सरकारी झाला," ते म्हणाले.

बाकीच्या मालात तीन-चार तरी कापण्याजोगे निघावेत. कापायचं ते पाण्याच्या धारेखालीच. गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं दगड घासताना उडणाऱ्या धुळीने गेली आहेत, त्यामुळे कोरडं घासणं आपल्याकडे बंद.

निघताना मामींनी पिशवीत भरताची वांगी घातली होती. नगरपर्यंत पोचेस्तोवर ती दगडांखाली गेली. आत्ता जेवणात तेच भरीत होतं, आणि एक खडा लागला.