ब्राउन आजींच्या वाटेने : कॅन्यनव्हिल ते फॉरेस्ट ग्रोव्ह

माझी मुलगी ओरेगन राज्यात हिल्सबरो येथे राहते. जवळच फॉरेस्ट ग्रोव्ह या गावी 1850 साली बांधलेली शाळेची एक इमारत आहे, आणि ती शाळा ज्यांच्या कष्टातून उभी राहिली त्या टॅबिथा मॉफॅट ब्राउन या ‘ग्रँडमा ब्राउन’ म्हणून ओळखल्या जातात. गेल्या नोव्हेंबरात मी, मुलगी आणि नात अशा तिघींनी, 1846 मध्ये त्या ज्या वाटेने ओरेगनात आल्या ती वाट पाहून घेतली. आम्ही शाळेपासून सुरुवात केली आणि दक्षिणेची कॅन्यनव्हिलजवळची दरी शेवटी पाहिली. नंतर जाणाऱ्यांनी मात्र दक्षिणेकडून, म्हणजे आजी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निघण्यापूर्वी आजींनी ऑगस्ट 1854 मध्ये भावाबहिणीला लिहिलेले दीर्घ पत्र अवश्य वाचावे. आम्ही ते गाडीत मोठ्याने वाचले. जावई व्हर्जिल प्रिंगल यांची प्रवासातील रोजनिशी आणि त्या वेळी 14 वर्षांचा असलेला नातू ऑक्टेव्हियस याने पुढे लिहिलेल्या आठवणीही उपलब्ध आहेत, त्यामुळे एकाच कुटुंबाने सांगितलेली ही हकीकत तीन बाजूंनी पाहता येते. आजींचा जन्म 1780 सालचा. पती धर्मोपदेशक होते, ते 1817 मध्ये वारले. 1846 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 66व्या वर्षी, पायाने अधू असलेल्या या बाई स्वतःच्या खर्चाने बैलगाडी व गाडीवान घेऊन मिसुरीतून ओरेगनकडे निघाल्या. सोबत मुलगी-जावई, नातवंडे आणि 77 वर्षांचे दीर कॅप्टन जॉन ब्राउन होते.

वाटेत नव्या दक्षिण मार्गाने अंतर वाचेल असे सांगण्यात आले आणि त्या सांगण्यावर विश्वास ठेवून अनेक कुटुंबे तिकडे वळली. कॅन्यनव्हिलजवळची अम्पक्वा पर्वतातील दरी हा त्या मार्गाचा सर्वांत कठीण भाग होता. आज आय-5 महामार्ग याच दरीतून, कॅन्यन क्रीकच्या काठाने जातो आणि गाडी काही मिनिटांत पार होते. आजींना तीन दिवस लागले, आणि दरीबाहेर पडताना गाडी व सामान गमावून त्यांच्याजवळ बसायचा घोडा तेवढा उरला होता. महामार्गावर थांबता येत नाही, म्हणून कॅन्यनव्हिलला बाहेर पडून गावातून दरीकडे पाहावे. नोव्हेंबरात पाऊस जवळजवळ ठरलेलाच असतो. पाणी न शिरणारे बूट घालावेत. जेवणासाठी आम्ही दशम्या व चटणी नेली होती. मांस न खाणाऱ्यांनी असे काही बरोबर ठेवावे, कारण वाटेतील लहान गावांत पर्याय फार थोडे मिळतात.

दरीनंतर अन्न संपत आले, तेव्हा कुटुंबाने आजी व कॅप्टन यांना घोड्यांवर पुढे पाठवले. वाटेत कॅप्टनना भोवळ आली आणि ते घोड्यावरून पडले. अंधार पडला तेव्हा आजींनी झाडाच्या फांदीवर गाडीचे कापड टाकून आडोसा केला, त्यांना आत निजवले आणि अन्नाशिवाय, विस्तवाशिवाय, लांडग्यांचे ओरडणे ऐकत रात्र काढली. सकाळी कळले की इतर प्रवासी अर्ध्या मैलावरच होते. हा भाग वाचताना नातीने मला दोनदा विचारले, “आजी, तिला भीती वाटली नसेल का?” वाटली होती, पत्रात तसे स्पष्ट आहे.

कॅन्यनव्हिलहून सेलम सुमारे 250 किलोमीटर आहे. मध्ये रोझबर्गला मुक्काम करणे सोयीचे. नाताळच्या दिवशी दुपारी दोन वाजता आजी सेलममध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी पोचल्या. नऊ महिन्यांत त्यांनी पाऊल टाकलेले ते पहिले घर. तेथे हातमोज्याच्या बोटाच्या टोकाला बटणासारखे काहीतरी लागले, ते सव्वासहा सेंटचे नाणे निघाले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तीन सुया घेतल्या, जुने कपडे देऊन स्थानिक आदिवासी स्त्रियांकडून हरणाची कातडी मिळवली आणि हातमोजे शिवून 30 डॉलरहून अधिक कमावले. सेलममधून वाहणारा प्रिंगल क्रीक जावयाच्या नावाचा आहे. आजींची समाधी तेथील पायोनियर सेमेटरीत आहे. 1858 मध्ये सेलमलाच त्यांचे निधन झाले. गवत ओले असते, जपून चालावे.

फॉरेस्ट ग्रोव्हला शेवटचा पूर्ण दिवस द्यावा. धर्मोपदेशक हार्वी क्लार्क आणि त्यांच्या पत्नी यांच्या साथीने आजींनी 1848 मध्ये लाकडी ओंडक्यांच्या प्रार्थनागृहात अनाथ मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पहिले वर्ष बिनपगारी राबल्या. पुढे चाळीस जणांचे घर सांभाळताना पाच महिन्यांच्या आत 3,423 पौंड पीठ आपण स्वतःच्या हातांनी मळले, असे त्या लिहितात. म्हणजे सुमारे 1,550 किलो, दिवसाला दहा किलोंच्या वर. लग्नघरात ज्यांनी कणीक मळली आहे त्यांना हा आकडा मनगटात जाणवेल. वय सत्तरीच्या पुढे होते.

शाळेतून आजचे पॅसिफिक विद्यापीठ वाढले. ओल्ड कॉलेज हॉल ही मनोऱ्याची पांढरी लाकडी इमारत आवारातच आहे व तीत संग्रहालय आहे. ते ठरावीक वेळीच उघडे असते, म्हणून आधी चौकशी करावी. ही भूमी कलापूया या मूळ आदिवासी लोकांची होती, हेही मुलांना सांगावे. 1880 मध्ये याच गावात आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणारी निवासी शाळा निघाली. आजी तेव्हा हयात नव्हत्या, तरी गावाचा इतिहास त्याशिवाय अपुरा राहतो.

गाडी नसल्यास पोर्टलंडहून मॅक्स या शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनने हिल्सबरोपर्यंत यावे आणि पुढे 57 क्रमांकाची बस घ्यावी. ती फॉरेस्ट ग्रोव्हला सोडते.