जुम्मा दरवाजा ते देवगड

नागपुरात आमच्या घरापासून गांधी गेट पायी सहा मिनिटांवर आहे. माझी आजी शेवटपर्यंत त्याला जुम्मा दरवाजाच म्हणत होती. लहानपणी तिच्यासोबत शुक्रवारी तलावाकडे जाताना ती त्या कमानीखाली हमखास थांबायची आणि पायाखालच्या रस्त्याकडे बोट दाखवून सांगायची, "याच्या खालून भुयार हाय बाई. थेट देवगडले निघते. गोंडराजा घोड्यावर बसून आत जाये अन् दिवस मावळाच्या आत तिकडं जंगलात निघे."

पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले. एकदा शाळेत भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नागपूर ते मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं हे देवगड, एवढं अंतर मोजलं. सरळ रेषेत ८०-९० किलोमीटर. मध्ये सावनेर-सौंसरचं पठार, कन्हान नदी, मग सातपुड्याची चढण. भुयार शक्य नाही हे तेव्हाच कळलं. पण जिथून आपल्या गावाचा राजा खाली उतरला, ते ठिकाण आपण कधी पाहिलंच नाही, ही गोष्ट मात्र मनात घर करून राहिली.

दर वर्षी सातवीच्या वर्गात विचारते, नागपूर कुणी वसवलं? अर्ध्याहून जास्त हात वर होतात आणि उत्तर येतं, भोसल्यांनी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भोसल्यांचं मोठेपण आहेच, पण ते नंतरचं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांना जोडून नाग नदीकाठी १७०२ मध्ये शहर उभं करायला घेतलं. नागपूर हे नाव त्याहून पुष्कळ जुनं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या इ.स. ९४० च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'नागपूर-नंदिवर्धन' असा उल्लेख येतो. पण नाव वेगळं आणि वसलेलं शहर वेगळं. शहर वसवणारा माणूस डोंगरातून आला होता.

तर डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि माझा भाचा, दोघांनी सॅका भरल्या. देवगडाच्या पायथ्यापर्यंत आता गाडी जाते, नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणारे खूप आहेत. मला तसं जायचं नव्हतं. राजधानी म्हणून ती जागा कुणी का निवडली असेल, हे पायांना कळल्याशिवाय कळणार नाही असं वाटत होतं. म्हणून नागपूरच्या इतवारी स्टेशनवरून छिंदवाड्याची गाडी, उमरानाल्याला उतरून जीपने मोहखेड आणि तिथून पुढे चालत, असा बेत. दशम्या, जवसाची चटणी, कांदे, गूळ-शेंगदाणे आणि दोघांत मिळून सहा लिटर पाणी.

गाडीत सौंसरपर्यंत आजूबाजूला सगळी मराठी. संत्र्याच्या बागा, कपाशी, आपलंच वऱ्हाड वाटावं. रामाकोना गेलं की घाट लागतो आणि डब्यातली बोली बघता बघता हिंदी होते. नॅरोगेज २०१५ मध्ये बंद पडली, त्याआधी मी याच मार्गाने एकदा आईसोबत गेले होते. घाटात गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून सोबत चालायची. ब्रॉडगेज वेगवान आहे, सोयीची आहे. पण खिडकीतून जंगल तेवढं हाताशी येत नाही.

मोहखेडच्या पुढे एका वाडीवर वाट विचारायला थांबलो, तिथे आम्हाला दादा भेटले. वय साठीच्या पुढे, गोंड, देवगडच्याच गावातले. बाजारातून परत चालले होते. "जय सेवा" म्हणाले, मीही "जय सेवा" म्हटलं. डांबरी सोडून जुन्या पायवाटेने नेतो, पण चढ आहे, दीदींना जमेल का, असं त्यांनी भाच्याला विचारलं. माझ्याऐवजी भाच्यानेच सांगून टाकलं, "मावशी माह्यापेक्षा जास्त चालते."

ती वाट सागाच्या पानगळीतून जाते. डिसेंबरात सागाची पानं इतकी मोठी आणि कोरडी झालेली असतात की प्रत्येक पावलाला आवाज होतो, आपण लपून जाऊच शकत नाही. साग संपला की ऐन, बिजा, धावडा, मध्येच तेंदू आणि मोहाची मोठी झाडं. दादांनी मोहाच्या एका झाडाला जाता जाता हात लावला, ते त्यांच्या वडिलांच्या वाट्याचं झाड. जंगलातल्या झाडांना घराण्यांची नावं असतात, हे मी पुस्तकात कुठे शिकवलं नाही. गवत कमरेइतकं आणि वाळलेलं. कुसळं मोज्यांत शिरून घोट्याला टोचत राहतात. सुती मोजे घालून गेलात तर दर अर्ध्या तासाला बसून कुसळं काढावी लागतील. पायाला जाड कापड गुंडाळून जा, हे अनुभवाने सांगते.

एका वळणावर दादांनी काठीने दाखवलं. बोरांच्या बियांनी भरलेली अस्वलाची विष्ठा, ओली. तिथून पुढे ते मोठ्याने बोलत राहिले आणि दर काही पावलांनी काठी खोडावर आपटत राहिले. अस्वलाला आपण येतोय हे आधी कळलं पाहिजे, दचकलं तर ते अंगावर येतं. थोडं पुढे साळिंदराचा एक काटा सापडला, भाच्याने तो टोपीत खोवला.

नाला ओलांडताना भाच्याच्या बुटाचा तळ पुढून पूर्ण सुटला. नवाच बूट. मी सॅकमधली चिकटपट्टी काढली, ती धुळीने धरेना. दादांनी काही न बोलता माहूलच्या वेलीची साल सोलली, दगडावर ठेचली, दोन पदर वळले आणि बुटाला आडवा-उभा वेढा देऊन गाठ मारली. ती दोरी दुसऱ्या दिवशी नागपुरात घराच्या पायरीपर्यंत टिकली. भाच्याने बूट टाकून दिला, दोरी ठेवली आहे.

अडीच तासांनी झाडांमधून एकदम डोंगर दिसला आणि मला कळलं. त्याच्या भोवती दरी आहे, दरीत जंगल आहे, आणि आपण ज्या बाजूने आलो ती बाजू सोडली तर सरळ चढायला जागाच दिसत नाही. वरून कुणी पाहत असेल तर आम्ही कधीपासून येतोय ते त्याला ठाऊक असणार, पानांचा आवाजच तेवढा होता. मोटारीने गेले असते तर दरी दिसली असती, पण तिची धास्ती कळली नसती.

गावात दादांच्याच घरी मुक्काम केला. मक्याची भाकर, टमाट्याची चटणी, उडदाची डाळ. रात्री शेकोटीजवळ त्यांनी जाटबाची गोष्ट सांगितली. गडावर आधी गवळी राजे होते, मन्सूर आणि गन्सूर. जाटबा वालाच्या वेलाखाली जन्मला, नागाने त्याच्यावर फणा धरला. मोठा झाल्यावर तो या राजांच्या चाकरीला लागला. सणाच्या दिवशी राजांनी त्याला लाकडाच्या तलवारीने रेडा मारायला सांगितलं, फजिती व्हावी म्हणून. रात्री देवी स्वप्नात आली. दुसऱ्या दिवशी त्याच लाकडाने रेडा पडला, आणि पाठोपाठ राजेही. देवगड गोंडांचं झालं. दंतकथा बाजूला ठेवली तरी जाटबा खरा होता, अकबराच्या काळात देवगडावर तो राज्य करत होता. दादा "आमचा जाटबा" असं म्हणत होते, जसं घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं. मी नागपुरात कुणाला "आमचा बख्त बुलंद" म्हणताना ऐकलेलं नाही.

सकाळी धुकं असतानाच गड चढलो. दरवाजा, मग नगारखाना. तिथल्या कमानी पाहून मी थबकले, कारण ती वळणं मोगली आहेत. चुना, विटा आणि डोंगरातला काळा दगड, आणि त्यावर दिल्लीकडची कमान. इतिहास इथे भिंतीत बसलेला आहे. गादीच्या भांडणात बख्त बुलंद औरंगजेबाकडे गेला, इस्लाम स्वीकारला, मोगलांच्या मदतीने गादी मिळवली. 'बख्त बुलंद', म्हणजे थोर नशिबाचा, हे नावही बादशहानेच दिलेलं. पुढे औरंगजेब दक्षिणेत अडकलेला पाहून याने मोगल मुलखावरच स्वाऱ्या केल्या, तेव्हा बादशहा चिडून त्याला 'निगूनबख्त', फिरलेल्या नशिबाचा, म्हणू लागला. दिल्लीकडची शहरं पाहून आलेल्या या राजाने आपल्या मुलखात शेतकरी, कारागीर, व्यापारी आणून वसवले. धर्म न विचारता वसवले. आज इतवारीतून हिंडताना जी सगळी आडनावं पाट्यांवर दिसतात, त्यांची सुरुवात त्या निर्णयात आहे असं मला वाटतं.

हत्तीखाना, कचेरी, महालाच्या भिंती. छप्पर कुठेही नाही. भिंतींच्या सांध्यांतून पिंपळ आणि वड घुसलेत, एका ठिकाणी मुळांनी अख्खी भिंत कवेत धरली आहे. मुळं काढली तर भिंत पडेल, ठेवली तरी पडेल. बदामाची चित्रं आणि नावं चुन्यात कोरलेली, त्यातली बरीच नागपूरची. गाडीचे नंबरसुद्धा लिहिलेत, एमएच एकतीस. जागोजागी खड्डे, खजिन्याच्या आशेने रात्री खणलेले. असा एक खड्डा ऐन भिंतीच्या पायाशी पाहून दादा बराच वेळ तिथे उभे राहिले. पायाने थोडी माती आत लोटली. मग भाच्यानेही लोटली. आम्ही तिघांनी मिळून हाताने, दगडाने जेवढा बुजवता आला तेवढा बुजवला. अर्धा तास गेला.

मोती टाका सगळ्यात शेवटी पाहिला. गडाच्या माथ्यावर पावसाचं पाणी साठवणारं हे टाकं, आणि त्याचं पाणी कधी आटत नाही अशी ख्याती. डिसेंबरातही पाणी होतं, हिरवं, त्यावर आभाळ. मी काठावर बसून हिशोब मांडत होते. इथे जे काही होतं, राजा, हत्ती, पहारा, स्वयंपाक, सगळं चार महिन्यांच्या पावसावर. खाली गावात म्हण आहे की देवगडात आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काही गाळ उपसून मोकळ्या केल्या, दादा त्या कामावर होते. त्यांनी उतरताना एक दाखवली, दगडी पायऱ्या सरळ पाण्यात जाणाऱ्या. पाणी स्वच्छ होतं. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी चप्पल काढली.

एवढ्या विहिरी लोक तेव्हाच खणतात जेव्हा नदी हाताशी नसते. डोंगराने राजाला राखलं, पण वाढू दिलं नसतं. खाली नाग नदीकाठी सपाट काळी जमीन होती, बारा खेडी होती. बख्त बुलंदने पाया घातला, त्याच्यामागून चाँद सुलतानने राजधानीच नागपूरला आणली, शहराभोवती परकोट बांधला, आजीचा जुम्मा दरवाजा आणि तलाव त्याच्याच वेळचे. १७३९ मध्ये तो वारला, घरात पुन्हा गादीचं भांडण झालं, राणी रतनकुंवरने मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं आणि १७४३ च्या सुमारास सत्ता त्यांच्या हाती गेली. सातवीच्या मुलांना इथून पुढचं ठाऊक असतं.

परत निघताना दादा म्हणाले, चला, एक जागा राहिली. नगारखान्याच्या पलीकडे झुडपात एक बुजलेलं भगदाड होतं, दगडमातीने भरलेलं, वर घाणेरी वाढलेली. त्यांनी काठी टेकवली आणि सांगितलं, "यहाँ से सुरंग जाती थी. सीधी नागपूर."

माझ्या अंगावर काटा आला. आजी नागपुरातल्या महाल या भागाच्या बाहेर कधी फारशी गेली नव्हती, आणि हे गृहस्थ नागपूरला दोनदाच आलेले, दोन्ही वेळा दवाखान्यात. तरी एकाच भुयाराची दोन तोंडं दोघांनी आपापल्या जागी जपून ठेवली होती. मी त्यांना नकाशा, कन्हान, अंतर, काही सांगितलं नाही. आजीने सांगितलेलं तेवढं सांगितलं, घोड्यासकट. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. मग विचारलं, "उधर का दरवाज़ा अभी खड़ा है क्या?"

आहे म्हटलं. भाच्याने मोबाइलमध्ये फोटो शोधला, वर रेंज नव्हती, उघडेना. दादा म्हणाले, राहू द्या, पुढच्या खेपेला दाखवा.

मार्चमध्ये मोह फुलतो तेव्हा आम्ही पुन्हा जाणार आहोत. गेल्या रविवारी सकाळी सहाला, गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत, गांधी गेटचे फोटो काढले. पूर्ण कमान आली तो बारा बाय अठरा इंचात छापून लॅमिनेट करून घेतला. मागे मार्करने लिहिलं आहे, जुम्मा दरवाजा, नागपूर. सॅकच्या पाठीकडच्या कप्प्यात तो वाकू नये म्हणून पुठ्ठ्यासकट ठेवलाय.