विम्याच्या पाट्यांचा विमा

विमा कंपन्यांच्या जुन्या पाट्यांचा विमा काढायला गेलो आणि तीन महिने विमा कंपनीच्याच टेबलासमोर बसलो. सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

आमचे आजोबा साताऱ्याच्या वेस्टर्न इंडिया लाइफचे एजंट. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली काढलेली कंपनी. आजोबांच्या ट्रंकेत तिचे टीपकागद (ब्लॉटिंग पेपर), पितळी अ‍ॅशट्रे आणि इनॅमलची निळी पाटी निघाली, आणि मला नाद लागला. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार पालथा घालून ओरिएंटल, बॉम्बे म्युच्युअल अशा जुन्या विमा कंपन्यांचे मिळून २३ नग जमले. गेल्या वर्षी शेजारच्या फ्लॅटमध्ये शॉर्टसर्किट झालं, तेव्हा बायको म्हणाली, "आता याचाही विमा काढा."

यादी, फोटो, मोजमाप चार दिवसांत झालं. मग ते टेबल.

"व्हॅल्युएशन सर्टिफिकेट, म्हणजे किमतीचा दाखला आणा." कोणाकडून? "सरकारमान्य व्हॅल्युअरकडून." पहिला व्हॅल्युअर सोन्याचा निघाला. दुसरा जमिनीचा, त्याने पाटी कुठल्या इमारतीची म्हणून विचारलं. तिसऱ्याने वजनकाटा आणला आणि लोखंडाचा भाव सांगितला! परत टेबलावर. "मग खरेदीची बिलं आणा." अहो, जुन्या बाजारात फाटक्या चादरीवर बसलेला माणूस बिल देतो होय? साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं. एकदा तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, भंगाराचा विमा नसतो."

त्या रात्री चिडून घराच्या विम्याच्या भारत गृह रक्षा पॉलिसीची अख्खी शब्दावली, म्हणजे नियम-अटींचा मजकूर, वाचून काढली. ही प्रमाण पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. मौल्यवान चीजवस्तूंसाठी त्यात आधीच ठरवून घेतलेल्या किमतीचं जादा संरक्षण घेता येतं, आणि एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत व एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागतच नाही. माझी यादी सगळी मिळून १,३५,००० ची! दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली लाल रेघ मारून कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "हो की."

तेव्हा आधी शब्दावली वाचा, मग रांगेत उभे राहा.

किंमत मी कशी धरली? दुकानदार मागतो तो भाव सोडून दिला, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या तशाच नगाचा धरला. इनॅमल उडालेलं असेल तर कमी. वरून रंग मारलेला असेल तर फारच कमी.

काळ ओळखायला एक तारीख पाठ ठेवा: १ सप्टेंबर १९५६. त्या दिवशी एलआयसी सुरू झाली आणि आयुर्विम्याच्या २४५ कंपन्या व सोसायट्या तिच्यात गेल्या. म्हणून ओरिएंटलची आयुर्विम्याची पाटी त्याआधीची असायला हवी. आग-सागरी विम्याला हा नियम लावू नका, त्या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं. आणि पत्त्यात पिनकोड असेल तर वस्तू १९७२ च्या आधीची नाहीच. एकाने मला 'स्वातंत्र्यापूर्वीचं' म्हणून पिनकोडवालं पेपरवेट दाखवलं होतं. मीही आधी पाकीट काढलंच होतं म्हणा.

हो, सांगायचं राहिलं: पितळी अ‍ॅशट्रे पीतांबरीने घासू नका. आमच्याकडे दिवाळीत घासला गेला. अक्षरं निम्मी गेली, किंमतही. यादीत तो मीच खाली आणला.

पॉलिसी परवा आली. 'ब्लॉटिंग पेपर, ६ नग' च्या जागी 'टिश्यू पेपर, ६ नग' छापलंय. सोमवारी परत जायचंय.