पहिला ताप कुणी कळवायचा?

सोलापूरच्या पूर्व भागात एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त तपासतो. साथीची तयारी म्हटलं की मीटिंगमध्ये खाटा आणि ऑक्सिजन मोजतात. कोविडनंतर ते साहजिकच आहे. पण खाट लागते ती माणूस आजारी पडल्यावर. त्याच्या आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, की एकाच गल्लीतले चार ताप एकसारखे आहेत.

जुलै २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला तसंच झालं. गावात तापाचे पेशंट वाढले, नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. आधी चिकनगुनिया निघाला आणि खोलात गेल्यावर झिका, राज्यातला पहिला. नमुने पाठवलेच नसते तर सगळं ‘व्हायरल’मध्ये खपून गेलं असतं.

झिका, डेंगी, चिकनगुनिया, तिन्ही पसरवणारा डास एकच, एडिस. आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणजे घरोघरी भरलेली पिंपं. रक्त द्यायला आलेल्या एका विडी कामगार अक्कांना म्हटलं, पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा, अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. त्या म्हणाल्या, "ओतून टाकलं तर परवा वापरायचं काय?" बरोबरच होतं. मग पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी घासायचं ठरलं, एरवी वर घट्ट फडकं.

कळवायची सोय कागदावर आहे. आयडीएसपी म्हणजे सरकारचा साथींवर नजर ठेवणारा कार्यक्रम; त्यात आरोग्यसेवकांचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी आणि लॅबचा एल. आता ते ऑनलाइन झालंय. पण खासगी लॅबमध्ये रॅपिड किटवर डेंगीची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली की रिपोर्ट पेशंटच्या हातात जातो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. सरकारी हिशेबात एलायझा या जास्त खात्रीच्या चाचणीशिवाय तो पेशंट संशयितच. असू दे की संशयित! सुगावा संशयितावरूनच लागतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढल्याचं असंच लक्षात आलं, हातापायातली ताकद गेलेले पेशंट एकदम जास्त दिसायला लागले म्हणून.

आषाढीला जिल्ह्यात लाखो वारकरी येतात. त्याआधी आमच्या भागातल्या लॅबवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करायचा, पेशंटचं नाव न टाकता फक्त पेठ आणि पॉझिटिव्हचा आकडा, आणि त्यात आरोग्य केंद्राचा एक माणूस, असं दोघा-तिघांशी बोललोय. एकाने लगेच विचारलं, "आपल्याला काय मिळणार?" त्यालाच ॲडमिन केलंय.