ट्यूबलेस टायर: पंक्चरचं नंतर बघू, आधी रिमचं बोलू

सायकलचे ट्यूबलेस टायर सेफ आहेत का असं कुणी विचारलं की गप्पा लगेच पंक्चरवर जातात, काटा घुसला तर काय, सीलंट (टायरमध्ये ओतायचं भोक बुजवणारं द्रव) केवढं भोक बुजवतं वगैरे वगैरे. मला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. पंक्चर झालं तर फार तर रस्त्याच्या कडेला थांबावं लागेल, पण उतारावर पुढचा टायर रिमवरून निसटला तर माणूस थेट तोंडावर आपटतो. म्हणून आधी ते.

ट्यूब असते तेव्हा हवा धरायचं काम ट्यूबचं. ट्यूबलेसमध्ये ते टायर आणि रिम दोघांनी मिळून करायचं असतं, त्यासाठी टायरची कड, म्हणजे बीड, रिमवर घट्ट बसायला हवी आणि हवेच्या दाबाखाली ताणली जायला नको. साध्या टायरची बीड या कामासाठी बनवलेलीच नसते, म्हणून सीलंट ओतून साधा टायर ट्यूबलेस करायचा जुगाड, खासकरून रोड बाइकच्या प्रेशरला, प्लीज करू नका.

१९९९ मध्ये चाकं बनवणाऱ्या माविकने हचिन्सन आणि मिशलिन या टायर कंपन्यांसोबत माउंटन बाइकसाठी यूएसटी नावाची ट्यूबलेस सिस्टिम आणली तेव्हा रिम आणि टायर एकाच मापाच्या नियमात बसवलेले होते, रिमला आतून स्पोकची भोकंच नव्हती त्यामुळे ती झाकायला टेपही लागायची नाही. टायर जड असायचे, पण कोणता टायर कोणत्या रिमवर चालेल हा घोळ नव्हता. नंतर हलके टायर, टेप आणि सीलंट आलं, वजन कमी झालं आणि जोडी जुळतेय का हे बघायची जबाबदारी आपल्यावर आली.

त्यात आता हुकलेस रिम. यांना आतल्या बाजूला बीड अडवणारा हुक नसतो, भिंत सरळ. त्यामुळे इथे प्रेशरची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि तीही वरची हद्द आहे, रोज भरायचा आकडा नव्हे. शिवाय प्रेशर तेच ठेवून टायर रुंद घेतला तर रिमच्या भिंतीवरचा जोर वाढतो, हे बरेच जण लक्षातच घेत नाहीत, म्हणून रिमवर एक आकडा आणि टायरवर दुसरा असेल तर दोन्हीतला लहान आकडा धरायचा, टायर बसवताना बीड जागेवर बसल्याचा 'टक' आवाज यावा म्हणून हवा मारतो तेव्हासुद्धा. २०२४ च्या यूएई टूर या प्रो शर्यतीत थॉमस डी गेंट हा रायडर पडला आणि त्याचा पुढचा टायर हुकलेस रिमवरून निघालेला सगळ्यांनी पाहिला. चाक दगडावर आदळलं होतं असं नंतर पुढे आलं, तरी प्रो रायडर्सच्या संघटनेचे अॅडम हॅन्सन हुकलेसच्या विरोधात उघड बोलले. दगड तर आपल्याही रस्त्यात येतात, म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं. तुम्हाला हुक असलेली रिम मिळत असेल तर रोडसाठी तीच घ्या असं मी सरळ सांगेन.

टायर बसला की एक गोष्ट नक्की करा. बीडच्या जरा वर टायरवर गोल फिरणारी बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसतेय का ते दोन्ही बाजूंनी चाक फिरवून बघा. कुठे आत गेलेली दिसली तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत बसवा, तसंच चालवू नका.

एवढं नीट असेल तर पंक्चरच्या बाबतीत ट्यूबलेस खरंच भारी आहे. ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटून फाटते तो प्रकार इथे नाहीच, आणि छोटी भोकं सीलंट चालता चालता बुजवतं, हवा गेली तरी बहुतेक वेळा हळूहळू जाते आणि थांबायला वेळ मिळतो. मात्र प्रेशर फार कमी ठेवलं तर जोरात वळताना कडेतून फस्सकन हवा जाते, आणि रिमला पोचा पडतो तो वेगळाच.

भरवसा बाकी सगळा देखभालीवर. सीलंट वाळतं, काही महिन्यांतच, आणि उन्हाळ्यात अजून लवकर, मग आत नुसते रबराचे गोळे राहतात आणि पहिल्याच काट्याला टायरची हवा जाते. व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतला निघणारा भाग, तुंबतो, तो काढून साफ करायचा. लॅटेक्सवालं सीलंट असेल तर सीओटूच्या नळकांड्याने हवा भरल्यावर ते गोठू शकतं, त्यामुळे घरी आल्यावर तपासा. भोक मोठं असेल तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची पट्टी, आणि टायर चिरलाच तर ट्यूब, म्हणून एक ट्यूब बरोबर हवीच. पण ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडका फिरवा, सीलंटने बुजवलेले जुने काटे तिथेच टोक बाहेर काढून बसलेले असतात आणि नवी ट्यूब लगेच पंक्चर होते.