तुम्ही विचारलंत म्हणून : दादासाहेब मंत्री काऊन नाही झाले?

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पारावर विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. "गुरुजी, दादासाहेब गवई एवढे वर्सं मुंबईले होते, मंग मंत्री काऊन नाही झाले? आपल्याले का भेटलं त्याईच्या खुर्चीतून?"

प्रश्नातला राग मला समजतो. आमचा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिववत नाही, ओलिताला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि कडक होते. इथे पुढारी मोजतात तो नळ, रस्ता आणि पुलावर.

पण रा. सू. गवई ज्या खुर्चीवर बसले तिचं काम निराळं होतं. दारापूरचा हा माणूस १९६४ साली विधान परिषदेत गेला. १९६८ ते १९७८ उपसभापती, पुढे १९८२ पर्यंत सभापती. उपसभापतीच्या हाती निधी नसतो, खातं नसतं. सभापती नसले की सभागृह तो चालवतो. कुणी बोलायचं, कुणी थांबायचं, कोणता शब्द कामकाजातून काढायचा, हे तिथे बसलेला ठरवतो. एरवी त्याला मतही नाही. दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच तो आपलं मत देतो. गवई उपसभापती होते तेव्हा सभापती होते वि. स. पागे, रोजगार हमीचे जनक.

आता जरा थांबून विचार करा. ज्या दलित समाजाला गावच्या चावडीवर बसू देत नव्हते, त्या समाजातला माणूस सभागृहात त्या आसनावरून उभा राहिला की मंत्र्यानं खाली बसायचं, हा नियम. आणि हे एकट्या गवईंचं नाही. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रपूरचे बॅरिस्टर खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती होते. दोघंही विदर्भाचे, दोघंही रिपब्लिकन पक्षाचे. पुढे पक्षात दोघांच्या नावाचे दोन गट पडले, याचं मला आजही वाईट वाटतं. ती फूट पडली नसती तर तुमचा मंत्रिपदाचा प्रश्न कदाचित वेगळा असता.

या खुर्चीची किंमतही मोजावी लागते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. परिषदेचं सभापतिपद तेव्हा गवईंकडे होतं. ज्या मागणीसाठी चळवळ रस्त्यावर होती, तिच्या बाजूनं त्यांना आसनावरून भाषण करता येणार नव्हतं. ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. चळवळीतल्या माणसानं अशा वेळी तटस्थ बसणं मला मंत्रिपदापेक्षा अवघड वाटतं.

१९८६ ते १९८८ ते परिषदेत विरोधी पक्षनेते होते, तेव्हा मात्र बोलायला मोकळे होते. नंतर अमरावतीची खासदारकी, राज्यसभा, बिहार आणि केरळचं राज्यपालपद. २०१५ मध्ये ते गेले. हे सगळं लोकांना ठाऊक असतं, त्या खुर्चीतली चौदा वर्षं तेवढी विसरली जातात.

तेव्हा पाणी का आलं नाही, हे दादासाहेबांच्या नावावर लिहू नका. पाणीपुरवठ्याला मंत्री असतो, आपल्याला आमदार असतो, आणि नागपूरला दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं. हा प्रश्न तिथे घेऊन जा.